बिग रिव्हर: एक नाटककार, एक कंट्री गीतकार आणि दोघांचं मिळून एकच नाटक

न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांची १९८५ ची यादी काढून बघा. संगीत आणि गीतं रॉजर मिलर, संहिता विल्यम हॉप्टमन, आणि वर्षातलं सर्वोत्कृष्ट म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, 'बिग रिव्हर'. आता या दोघांची ब्रॉडवेवरची बाकीची म्युझिकल्स शोधायला जा, काहीच हाताला लागणार नाही कारण नाहीतच, आधी एकही नाही आणि नंतर एकही नाही. म्युझिकल थिएटरमध्ये माणसं वर्षानुवर्षं घासतात, छोट्या थिएटरांत चार नाटकं आपटतात तेव्हा कुठे एक उभं राहतं, आणि हे दोघं बाहेरून आले, एकाच नाटकाला सात टोनी आणि १००५ प्रयोग मिळाले, आणि आले तसे आपापल्या वाटेने निघूनही गेले.

माझं मत आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणायला नको. ही जोडी जमली कारण दोघांनी आपल्याला जे येतं तेवढंच केलं आणि दुसऱ्याच्या कामात फारशी लुडबुड केली नाही. आणि बहुतेक त्याच कारणाने ती पुढे गेली नाही, कारण ही मुळात जोडी नव्हतीच, तिसऱ्याच माणसाने जमवलेलं स्थळ होतं ते.

थोडी पार्श्वभूमी. ब्रॉडवेवर म्युझिकल लिहिणं हे तीन कामांत वाटलेलं असतं, संहिता, गीतं, संगीत, आणि पैशाचा वाटाही तसाच. जुना ढोबळ हिशोब म्हणजे तिकीटविक्रीचे ६ टक्के लेखकांना, त्यात संहितेला २, गीतांना २, संगीताला २, प्रत्यक्षात करारागणिक ते बदलतं. आपल्याकडे किर्लोस्कर, देवल मंडळी नाटकही लिहायची आणि पदंही, त्यामुळे पद कुठे टाकायचं आणि का टाकायचं हे भांडण एकाच डोक्यात मिटायचं. ब्रॉडवेवर ते दोन-तीन डोक्यांत होतं आणि संहितावाल्याची गत सगळ्यात वाईट, नाटक चाललं तर गाणी भारी होती, पडलं तर संहिता ढिली होती, हे ठरलेलंच.

मिलर कोण

रॉजर मिलर, जन्म जानेवारी १९३६, फोर्ट वर्थ, टेक्सास. बाप तो वर्षाचा असताना गेला, आईला तीन पोरं सांभाळणं झेपेना म्हणून तिघांना तीन काकांकडे वाटून दिलं, त्यात रॉजरच्या वाट्याला ओक्लाहोमातलं एरिक नावाचं खेडं आलं. कापूस वेचायचा, एका खोलीच्या शाळेत जायचं, आठवीनंतर शाळा बंद. चुलतबहिणीचा नवरा शेब वुली, जो पुढे स्वतः गायक आणि नट म्हणून नाव कमावून बसला, त्याने गिटारचे पहिले कॉर्ड शिकवले. सतरा वर्षांचा असताना रॉजरने एक गिटार चोरली, मग स्वतःच जाऊन कबूल केलं आणि तुरुंगाऐवजी सैन्यात गेला, तिथून कोरिया. परत आल्यावर नॅशव्हिल, म्हणजे कंट्री संगीताचं, अमेरिकन ग्रामीण वळणाच्या गाण्यांचं शहर, तिथे अँड्र्यू जॅक्सन हॉटेलात बेलबॉय, बॅगा उचलता उचलता गाणारा पोरगा म्हणून ओळख.

गीतकार म्हणून त्याचं आधी जमलं, गायक म्हणून नंतर. १९५८ मध्ये रे प्राइसने त्याचं 'इन्व्हिटेशन टू द ब्लूज' गायलं, ट्री पब्लिशिंगने त्याला आठवड्याच्या पगारावर ठेवून घेतलं. मग १९६४ मध्ये 'डँग मी' आणि पाठोपाठ 'किंग ऑफ द रोड', आणि पुढच्या दोन समारंभांत मिळून ११ ग्रॅमी, आधी ५ मग ६. त्या काळात एवढे कोणाला मिळत नव्हते. त्याची खासियत म्हणजे वेडगळ शब्द, मध्येच तोंडाने काढलेले गिटारचे आवाज, पोरकट वाटणारी यमकं, आणि त्या सगळ्याच्या खाली एक बेघर, कुणाचाच नसलेला माणूस. 'किंग ऑफ द रोड' लोक बोटांनी चुटक्या वाजवत ऐकतात, पण त्यातला माणूस खिशात दमडी नसलेला भटक्या आहे हे विसरायला होतं, आणि विसरायला होतं हीच त्याची कारागिरी.

मग उतार. सत्तरच्या दशकात त्याने नॅशव्हिलमध्ये 'किंग ऑफ द रोड' नावाचं हॉटेल काढलं, डिस्नेच्या १९७३ च्या 'रॉबिन हूड'मध्ये कोंबड्याला आवाज दिला आणि गाणीही दिली, पण नवीन काही लिहिणं आटत गेलं. ऐंशीच्या सुरुवातीला तो न्यू मेक्सिकोत सांता फेला राहायला गेलेला होता आणि जुनी गाणी गात फिरत होता. म्हणजे बाजाराच्या भाषेत संपलेला माणूस, पन्नाशी अजून लांब होती तरी.

स्थळ कोणी जमवलं

रॉको लँड्समन. मिसिसिपीच्या काठच्या सेंट लुईसचा, येल स्कूल ऑफ ड्रामामध्ये शिकलेला आणि शिकवलेला, १९७७ मध्ये ते सोडून गुंतवणुकीच्या धंद्यात पडलेला, पण थिएटर डोक्यातून गेलेलं नाही. बायको हायडी, नेपथ्यकार. न्यू यॉर्कमध्ये लोन स्टार कॅफे म्हणून कंट्रीवाल्यांचा एक अड्डा होता, तिथे लँड्समनने मिलरला गाताना ऐकलं आणि त्याच्या डोक्यात आलं की मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'वर, म्हणजे पळालेल्या जिम या गुलामासोबत तराफ्यावरून मिसिसिपी उतरणाऱ्या हक नावाच्या पोराच्या कादंबरीवर, म्युझिकल करायचं तर गाणी या माणसाचीच पाहिजेत.

आता हे वाक्य वाचायला सोपं आहे पण त्यातला जुगार बघा. मिलरने ती कादंबरी वाचलेलीसुद्धा नव्हती! नाटकाची गाणी कधी लिहिलेली नाहीत, बरीच वर्षं नवीन हिट नाही, आणि निर्माता म्हणून लँड्समनचंही ब्रॉडवेवर हे पहिलंच. मिलरने आधी पुस्तक बघितलं आणि त्यात त्याला एरिक दिसलं. आई-बापाविना नातेवाइकांकडे वाढणारं पोर, शाळा नकोशी, चर्चच्या सक्तीचा कंटाळा, बोली तीच, मग तो हो म्हणाला. तरी पहिलंच गाणं लिहायला त्याला दीड वर्ष लागलं. एकेकाळी जो माणूस बोलता बोलता गाणं पाडायचा तो एका सुरुवातीच्या गाण्यावर दीड वर्ष अडला, यातच त्याला हे काम किती परकं होतं ते कळतं.

संहितेसाठी हॉप्टमन. हाही टेक्सासचाच, विचिटा फॉल्समध्ये १९४२ चा जन्म, हाही येलचाच. सत्तरच्या दशकात त्याच्या 'डॉमिनो कोर्ट्स' या नाटकाला ओबी पुरस्कार मिळालेला, म्हणजे ऑफ-ब्रॉडवेच्या, न्यू यॉर्कच्या छोट्या थिएटरांच्या वर्तुळात नाव होतं, बाहेर कोणी ओळखत नव्हतं. त्याची माणसं म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमाकडची, मोटेल, कॅफे, हायवे, गरम हवा, आणि बोलण्यात उगाच फुशारक्या. म्हणजे निवड आंधळी नव्हती. लँड्समनने नाव मोठं असलेला लेखक न घेता त्या भागाची बोली कानात असलेला घेतला, आणि गीतकारही त्याच मातीतला. दोघं एकमेकांना ओळखत असोत-नसोत, वाढले शेजारशेजारच्या मुलखात.

दिग्दर्शक डेस मॅकॅनफ. पहिला प्रयोग १९८४ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये, जे रॉबर्ट ब्रुस्टीनने येल सोडल्यावर काढलेलं, म्हणजे परत येलचंच गोतावळं. तिथून त्याच वर्षी उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात ला होया प्लेहाऊस, जिथे मॅकॅनफ स्वतःच कलादिग्दर्शक होता. आणि मग २५ एप्रिल १९८५, ब्रॉडवे, यूजीन ओनील थिएटर. आज हा मार्ग सगळेच घेतात, आधी प्रादेशिक ना-नफा थिएटरांत घासूनपुसून घ्यायचं आणि मग न्यू यॉर्कला न्यायचं, पण तेव्हा म्युझिकलसाठी ही इतकी रुळलेली वाट नव्हती. कधीच नाटक न केलेल्या गीतकाराला ही दोन मुक्कामांची सवलत मिळाली नसती तर काय झालं असतं हा विचार करण्यासारखा आहे.

काम कसं वाटलं गेलं

इथे जरा थांबतो कारण प्रकरणाचा जीव इथे आहे.

तेव्हाच्या ब्रॉडवेचं व्याकरण असं होतं की गाण्याने गोष्ट पुढे न्यायची. पात्राला काय हवंय ते गाण्यात कळलं पाहिजे, गाणं संपताना पात्र जिथे सुरू झालं त्याच्या पुढे पोचलं पाहिजे. मिलरला हे येत नव्हतं. कंट्री गाणं तीन मिनिटांत एक मनःस्थिती पकडतं आणि तिथेच गोल फिरतं, कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, पुढे कुठे जात नाही, आणि जाऊही नये. नेहमीच्या पठडीतला संहिताकार असता तर त्याने गीतकाराला बसवून प्रत्येक गाण्यात घटना कोंबायला लावल्या असत्या. हॉप्टमनने उलटं केलं, निदान रंगमंचावर जे दिसतं त्यावरून तरी असंच वाटतं. गोष्ट सगळी स्वतःच्या अंगावर घेतली, बहुतेक संवाद थेट ट्वेनच्या पानांतून उचलले, हकलाच निवेदक ठेवला जसा तो कादंबरीत आहे, आणि जिथे गोष्ट थांबते, तराफा पाण्यावर आहे आणि कोणाला काही घाई नाही, तिथे जागा सोडली. त्या जागेत मिलर.

'मडी वॉटर', 'रिव्हर इन द रेन', 'वर्ल्ड्स अपार्ट' ही तिन्ही हक आणि जिमची तराफ्यावरची गाणी. घटना म्हणाल तर काहीच घडत नाही. नदी आहे, रात्र आहे, एक गोरा पोरगा आणि एक पळालेला काळा गुलाम शेजारी बसलेत. पण कादंबरीतही नेमकं असंच आहे ना, काठावर खून, ठकबाजी, घराण्यांची वैरं, आणि पाण्यावर शांतता. गोष्ट थांबवणारं गाणं हा म्युझिकलमध्ये दोष मानतात, इथे कादंबरीची रचनाच तशी असल्यामुळे तोच दोष कामाला आला. हे हॉप्टमनचं श्रेय आहे आणि ते त्याला फारसं कोणी दिलेलं नाही, टोनी मिळूनसुद्धा.

एक गाणं जवळून बघू. कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात हकचा दारुडा बाप सरकारवर तोंडसुख घेतो. हकचे सहा हजार डॉलर कोर्टाने अडकवून ठेवलेत, बापाला ते मिळत नाहीत म्हणून राग. ट्वेनने त्यात गंमत अशी केलीय की बाप सरकारपासून सुरू करतो आणि ओहायोतल्या एका स्वतंत्र, शिकलेल्या काळ्या माणसाला मत देता येतं यावर येऊन जास्त भडकतो, म्हणजे हसता हसता वाचकाच्या घशात अडकतं. मिलरने याचं 'गव्हमेंट' केलं. दारू प्यायलेल्या माणसाची अडखळती लय, अर्ध्यात मोडलेल्या शिव्या, रागापेक्षा कुरकुर जास्त. हे सरळसरळ १९६४ चा मिलर आहे, 'डँग मी' लिहिणारा, फक्त आता त्याच्या वेडगळ शब्दांना एक माणूस मिळालाय. जॉन गुडमन हे गायचा, तेव्हा त्याला सिनेमात कोणी फारसं ओळखत नव्हतं. पण लक्षात घ्या, गाणं मजेशीर आहे आणि ट्वेनचं स्वगत विषारी आहे. तो विष काढून घेतलेला भाग मला खटकतो, कितीही टाळ्या पडल्या तरी.

दुसरीकडे हकचा मित्र टॉम सॉयर याचं 'हँड फॉर द हॉग' आहे, डुकराची स्तुती. का आहे? काही कारण नाही. मिलरला डुकरावर गाणं सुचलं म्हणून आहे. एखाद्या कडक संगीत-नाटकवाल्याने पहिल्या तालमीत कापलं असतं, आणि मला विचाराल तर कापायला हरकत नव्हती, पण ते राहिलं आणि प्रेक्षकांना आवडतं त्याला कोण काय करणार.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. कादंबरीच्या एकतिसाव्या प्रकरणात हक जिमला पकडून देणारं पत्र लिहितो आणि मग फाडतो, नरकात गेलो तरी चालेल म्हणून. अमेरिकन वाङ्मयातला हा सगळ्यात मोठा क्षण असं मानणारे खूप आहेत. इथे नवीन गाणं न टाकता पहिल्या अंकातलं 'वेटिन फॉर द लाइट टू शाइन' परत येतं. आधी ते एका गोंधळलेल्या पोराचं एकट्याचं गाणं होतं, आता कोरससकट. शब्द तेवढेच, अर्थ संहितेने बदललेला. गीतकाराला गोष्ट पुढे नेता येत नसेल तर हे असं करता येतं, गाणं तेच ठेवायचं आणि त्याच्या खालची जमीन हलवायची, आणि ते काम नाटककाराचं.

नेपथ्याबद्दल एकच वाक्य, हायडी लँड्समनने मागे वळत वळत जाणारी नदी उभी केली होती आणि त्याचा टोनी तिला मिळाला.

जिथे फसलं तेही सांगायला पाहिजे. ट्वेनच्या कादंबरीचा शेवट, म्हणजे टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो तो भाग, त्यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे, हेमिंग्वे तर म्हणायचा की जिमला पळवतात तिथे वाचणं थांबवा, खरा शेवट तोच. हॉप्टमनने प्रामाणिकपणे तो शेवटही ठेवला, आणि नाटकाचा दुसरा अंक तिथे कादंबरीसारखाच लटपटतो. दुसरं म्हणजे जिम. त्याच्यासाठी आणि गुलामांच्या कोरससाठी मिलरने गॉस्पेलच्या, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाची गाणी लिहिली, 'द क्रॉसिंग', 'फ्री अॅट लास्ट', ती ऐकायला ताकदीची आहेत, रॉन रिचर्डसनने जिम असा गायला की टोनी घेऊन गेला. पण नाटक बघून उठताना जिमबद्दल आपल्याला त्याच्या आवाजापलीकडे फार काही कळलेलं नसतं, तो हकच्या नजरेतूनच दिसतो. कादंबरीतही तेच आहे हे खरं, पण १९८५ मध्ये दोन गोऱ्या लेखकांना तो एक विषय उघडायला वाव होता.

ते वर्ष

आता नशिबाचा भाग. १९८४–८५ चा मोसम ब्रॉडवे म्युझिकलसाठी इतका कोरडा होता की टोनीवाल्यांनी त्या वर्षी म्युझिकलमधला सर्वोत्कृष्ट अभिनेता, अभिनेत्री आणि नृत्यदिग्दर्शन हे तीन विभागच रद्द केले. सर्वोत्कृष्ट म्युझिकलसाठी समोर कोण तर 'ग्राइंड', 'लीडर ऑफ द पॅक' आणि 'क्विल्टर्स'. हक करणारा डॅनियल जेंकिन्स मुख्य भूमिकेत होता, त्याला नामांकन मिळायला विभागच नव्हता! 'बिग रिव्हर'ला १० नामांकनं आणि ७ पुरस्कार. आदल्या वर्षी किंवा 'ले मिझराब्ल' आलं त्या वर्षी हे नाटक आलं असतं तर इतकं हाताला लागलं नसतं हे कोणीही सांगेल. पण हेही खरं की नुसत्या टोनीवर १००५ प्रयोग होत नाहीत, २० सप्टेंबर १९८७ पर्यंत चाललं ते, आणि तेव्हा ब्रॉडवेवर लंडनहून आलेल्या भव्य म्युझिकल्सचा धडाका होता.

मग पुढे काय

गुडमन हॉलिवूडला गेल्यावर बापाची भूमिका काही महिने खुद्द मिलरने केली. स्वतःचंच 'गव्हमेंट' रोज रात्री गायचा. विचार करा, बाप न बघितलेला माणूस अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट बापाची भूमिका करतोय. पण दुसरं म्युझिकल काही आलं नाही. तो परत गिटार घेऊन एकट्याच्या कार्यक्रमांकडे वळला आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये कर्करोगाने गेला, ५६ वर्षांचा होता. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते १९९५ मध्ये, गेल्यानंतर.

यात धंद्याची एक गोष्ट दडलीय जी सहसा कोणी बोलत नाही. नॅशव्हिलमध्ये गीतकार गाण्याचे हक्क साधारणपणे प्रकाशकाला देऊन टाकतो, पण गाणं मोकळं असतं, कोणीही उचलून गावं. मिलरचं १९६६ चं 'हजबंड्स अँड वाइव्हज' ब्रुक्स अँड डनने १९९८ मध्ये गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत एक नंबरला गेलं, लेखक जाऊन सहा वर्षं झाली होती. ब्रॉडवेवर उलटं आहे, हक्क लेखकाकडेच राहतात, त्याच्या परवानगीशिवाय ओळ बदलता येत नाही, पण गाणं नाटकाला बांधलेलं. नाटक चाललं तर शाळा, कॉलेज, हौशी मंडळ्या, सगळीकडून थेंब थेंब येत राहतो, नाही तर फाइलमध्ये. दीड वर्ष एका गाण्यावर घालवायचं आणि ते एकाच नाटकात अडकायचं, हा हिशोब कंट्रीवाल्याला दुसऱ्यांदा का पटावा? तब्येतीने दगा दिला नसता तर त्याने केलं असतं का, मला तरी शंका आहे.

हॉप्टमनचं जास्त चुटपुट लावणारं. टोनी हातात, वय त्रेचाळीसच्या आत, संहिताकार म्हणून रांग लागायला हवी होती. त्याने पुढे मॅकॅनफसोबत ला होयाला 'जिलेट' हे नाटक केलं, व्योमिंगच्या तेलकामगारांवरचं, मग १९८८ मध्ये कथासंग्रह आणि १९९२ मध्ये कादंबरी. म्हणजे तो लिहायचा थांबला नाही, आपल्या मुलखाबद्दल आपल्या भाषेत लिहीत राहिला, फक्त म्युझिकल सोडून. मला यात आश्चर्य वाटत नाही. संहिताकार म्हणून तो ज्यासाठी चांगला होता ते म्हणजे मागे सरणं, ट्वेनला पुढे करणं, मिलरला जागा देणं. मागे सरणाऱ्या माणसाला निर्माते पुढच्या कामाला कशाला बोलावतील, त्याने काय केलं हेच दिसत नाही.

मग करिअर झाली कोणाची? लँड्समनची. १९८७ मध्ये तो ब्रॉडवेची पाच थिएटरं चालवणाऱ्या जुजॅमसिनचा अध्यक्ष झाला, पुढे 'द प्रोड्यूसर्स'च्या निर्मात्यांत होता, २००९ मध्ये तर ओबामांच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीचा अध्यक्ष. मॅकॅनफने 'टॉमी' केलं आणि मग 'जर्सी बॉइज'. हायडीने १९९१ मध्ये 'द सीक्रेट गार्डन' उभं केलं, नेपथ्य तिचं आणि निर्मितीतही ती, आणि तिथे सूत्र बघा, संहिता मार्शा नॉर्मन नावाच्या पुलित्झरवाल्या नाटककाराची, संगीत लुसी सायमनचं जी लोकगीतांच्या जगातून आलेली. तोच डाव. फक्त इथे गीतंही नॉर्मननेच लिहिली, त्यामुळे नाटककाराच्या हातात दोन वाटे आले आणि गाणी गोष्टीला घट्ट चिकटली. उद्घाटनाची तारीखही २५ एप्रिलच.

नाटकाचं स्वतःचं पुढचं आयुष्य दोघांपेक्षा मोठं निघालं. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने ते बहिरे आणि ऐकू येणारे नट एकत्र घेऊन केलं आणि २००३ मध्ये जेफ कॅलहूनच्या दिग्दर्शनात ते ब्रॉडवेवर आलं, ६७ प्रयोग. हक टायरोन जोर्डानो खुणांच्या भाषेत करायचा आणि त्याचा आवाज कोण, तर मार्क ट्वेन झालेला डॅनियल जेंकिन्स, तोच अठरा वर्षांपूर्वीचा हक. बाप दोन नटांनी मिळून केला, एक बहिरा आणि एक ऐकू येणारा, आरशातल्यासारखे. त्यातला बहिरा नट ट्रॉय कॉट्सर, ज्याला पुढे २०२२ मध्ये 'कोडा'साठी ऑस्कर मिळालं. 'वेटिन फॉर द लाइट'च्या शेवटी वाद्यं आणि आवाज एकदम बंद व्हायचे आणि सगळं मंडळ नुसत्या हातांनी गाणं पुढे चालू ठेवायचं. हे शक्य झालं कारण गाणं साधं आहे, त्याला घटनेचं ओझं नाही. घटनांनी भरलेलं हुशार ब्रॉडवे गाणं असं मोकळं सोडता आलं नसतं.

यानंतर कंट्रीवाले ब्रॉडवेवर आले नाहीत असं नाही. डॉली पार्टनने २००९ मध्ये 'नाइन टू फाइव्ह'ची गाणी लिहिली, संहिता मूळ सिनेमाच्याच सहलेखिकेची, पॅट्रिशिया रेझनिकची, १४८ प्रयोगांत आटोपलं. तिथे गाणी वाईट नव्हती, पण सिनेमा इतका घटनांनी गच्च की गाण्याला श्वास घ्यायला जागा नाही, नदी नाही. आणि २०२३ मध्ये 'शक्ड', मक्याच्या शेतावरचं, गाणी ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकॅनली या नॅशव्हिलच्या जोडीची, संहिता रॉबर्ट हॉर्नची. या तिघांचं याच मालमसाल्याचं आधीचं रूप २०१५ मध्ये डॅलसला झालेलं, म्हणजे आठ वर्षं. पण इथे गीतकार आधीपासून एकत्र लिहिणारे, आणि हॉर्नला त्याआधी 'टूट्सी'च्या संहितेचा टोनी मिळालेला, म्हणजे धंद्यातला माणूस. विनोद त्याचे, गाणी त्यांची, आणि त्यात गाणी विनोदाला थांबून ऐकतात असं वाटतं. ते वर्षभरही चाललं नाही, तरी हे तिघं परत काही करतील असं मला वाटतं, मिलर-हॉप्टमनबद्दल १९८७ मध्ये कोणाला तसं वाटलं असेल का कोण जाणे.